केबल रेलिंग: टोकाचा खांब आधी, केबल सगळ्यात शेवटी

गच्चीवर किंवा ड्युप्लेक्सच्या जिन्याला केबल रेलिंग, म्हणजे खांबांमधून ताणलेल्या आडव्या स्टील केबलींचा कठडा, लावलं की वर्षभरात तक्रार येते ती ठरलेली: "केबली सैल पडल्या." फॅब्रिकेटर येतो, नट आवळून जातो आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच. अशा वेळी केबल बहुधा ठणठणीत असते. टोकाचा खांब आत वाकलेला असतो, नाहीतर त्याचे बोल्ट हललेले असतात. म्हणून या लेखात केबल ओवायचं काम सातव्या टप्प्यावर येतं. त्याआधीचे टप्पे कंटाळवाणे आहेत, पण रेलिंग टिकतं ते त्यांच्यावरच.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आडव्या केबली म्हणजे लहान मुलांसाठी शिडी. घरात पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील आणि रेलिंगपलीकडे उंचावरून पडायची जागा असेल, तर आडव्या केबलींचा नाद सोडा. उभ्या गजांचा कठडा किंवा लॅमिनेटेड टफन्ड काच घ्या. दिसायला छान आहे म्हणून ही तडजोड करू नये.

## १. परवानगी आणि जागेची तपासणी

गच्ची तुमच्या फ्लॅटला जोडलेली असली तरी बाहेरून दिसणारा कठडा बदलायचा असेल, तर सोसायटीची लेखी परवानगी हवी. अर्जासोबत साधं रेखाचित्र, उंची आणि खांब कुठे बसणार ते द्या. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं. तो अहवाल मागून घ्या आणि तुमच्या गच्चीच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते वाचा. ज्या स्लॅबचं प्लास्टर फुगलंय, खाली गंजलेल्या सळ्या दिसतायत, त्यात अँकर मारू नका. आधी दुरुस्ती.

आता पायाखाली काय आहे ते बघा. मुंबईत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. गच्चीच्या टाइलखाली थेट काँक्रीट नसतं. वॉटरप्रूफिंगसाठी घातलेला ब्रिकबॅट कोबा असतो, साधारण चार ते सहा इंच जाडीचा. त्यात मारलेला फास्टनर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, ताण आला की विटांचे तुकडे सैल होतात. शिवाय वॉटरप्रूफिंगला भोक पडतं ते वेगळंच, आणि पहिल्या पावसात खालचे शेजारी वर येतात.

तपासणी: आडोशाच्या कोपऱ्यात ६ मिमीचं एक भोक पाडा आणि ड्रिलमधून येणारी भुकटी बघा. लाल आली तर वीट किंवा कोबा. राखाडी आली पण ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर माल, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर. राखाडी आणि ड्रिलला जोर लावावा लागला तर काँक्रीट. किती खोलीवर काँक्रीट लागलं ते लिहून ठेवा आणि भोक इपॉक्सीने बंद करा.

कोबा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला आणि आमच्या मते बरा: खांब गच्चीच्या कडेच्या बीमला बाजूने बसवायचे, म्हणजे वॉटरप्रूफिंगला हातच लागत नाही. दुसरा: खांबाच्या जागी कोबा फोडून स्लॅबमध्ये सळ्या गुंतवून ३०० × ३०० मिमीचा आरसीसी चौथरा ओतायचा, बोल्ट ओततानाच बसवायचे, भोवतीचं वॉटरप्रूफिंग चौथऱ्यावर चढवून घ्यायचं आणि ४८ तास पाणी साठवून गळती बघायची. या चौथऱ्यावर २८ दिवस ताण द्यायचा नाही.

विटांच्या पॅरापेटवर ग्रॅनाइटची पट्टी असेल तर तिच्यावर बेसप्लेट ठोकायचा मोह होतो. टोकाचे खांब तिथे नकोतच. आणि खांबाऐवजी थेट भिंतीतून केबली ताणायच्या असतील तर ती भिंत आरसीसी कॉलमची आहे याची खात्री करा. नव्या टॉवरमधल्या बहुतेक भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या असतात. त्या हा ताण घेत नाहीत.

## २. हिशोब

उदाहरणासाठी गच्चीची ४.५ मीटरची सरळ बाजू घेऊ. हँडरेलचा माथा पक्क्या फरशीपासून १,१५० मिमी, हँडरेल ५० मिमीचा, म्हणजे त्याच्याखाली उरले १,१०० मिमी. उंचीचा आकडा सोसायटीच्या आर्किटेक्टकडून मंजूर करून घ्या.

दोन केबलींमधून १०० मिमीचा गोळा जाता कामा नये, हा बऱ्याच देशांत पाळला जाणारा निकष आहे. मग अंतर १०० का ठेवायचं नाही? कारण केबल ढकलली की फाकते. म्हणून ७५ च्या आतच राहायचं. १,१०० ला १५ ने भागलं की ७३ मिमी येतात, म्हणजे १४ केबली.

खांबांमधलं अंतर ९०० मिमीपेक्षा जास्त नको. १,२०० किंवा १,५०० ठेवून दोन खांब वाचवणारे पुष्कळ भेटतात. तिथे केबल कितीही ताणली तरी दोन बोटांनी फाकते. ४.५ मीटरला ९०० ने भागून ५ गाळे (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा), म्हणजे ६ खांब: २ टोकाचे, ४ मधले.

आता खरा आकडा. प्रत्येक केबलला सुमारे १०० किलो ताण द्यायचा. १४ केबली म्हणजे टोकाच्या एका खांबावर १,४०० किलो, रात्रंदिवस, एकाच दिशेने. हँडरेल पक्का जोडलेला असेल तर यातला निम्मा भार तो घेतो आणि खांब वर-खाली दोन्हीकडे टेकलेला राहतो. हँडरेल नसेल किंवा नुसता सिलिकॉनने बसवलेला असेल, तर खांबाच्या बुडाशी येणारा वाकवणारा जोर जवळपास चौपट होतो.

फॅब्रिकेटर सर्रास देतात तो ५० × ५० चा, २ मिमी जाडीचा पाइप मधल्या खांबांना पुरतो. टोकाला तो हँडरेल असूनही पोटात वाकतो. टोकाला ६० × ६० चा ४ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घ्या.

सामान असं:

- ४ मिमी केबल, १×१९ विणीची, एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा ग्रेड; वीण आणि ग्रेडबद्दल पुढे): ७० मीटर (१४ तुकडे × ४.८ मीटर, म्हणजे ६७.२, आणि थोडी जास्तीची)
- आटे असलेले टेन्शनर (नट फिरवून केबल ताणणारी फिटिंग) १४, स्थिर टोकं (केबलच्या दुसऱ्या टोकाची, न ताणणारी फिटिंग) १४, प्रत्येकी एक नग जास्त
- टोकाचे खांब २, १५० × १५० × १२ मिमी बेसप्लेटसह
- मधले खांब ४
- नायलॉन बुश (भोकात बसणाऱ्या, केबल घासू न देणाऱ्या नळ्या) ११२ (४ खांब × १४ केबली × पाइपच्या २ भिंती)
- एसएस ३१६ चे आटेदार रॉड, नट, वॉशर आणि केमिकल अँकरच्या (भोकात रॉड चिकटवणाऱ्या केमिकलच्या) नळ्या
- आट्यांसाठी अँटी-सीझ पेस्ट (नट अडकू नये म्हणून)

## ३. माल घेताना

पाइप आणि प्लेट सी. पी. टँक-कुंभारवाड्याकडे मिळतात, हत्यारं आणि फिटिंग नागदेवी स्ट्रीटला, वायर रोप तिथे किंवा दारूखान्यात. कुठूनही घ्या, पण दुकानात "रेलिंगची केबल द्या" एवढंच म्हणू नका, वीण सांगा. १×१९ म्हणजे १९ जाड तारांचा एकच पीळ. ती ताठ असते आणि कमी लांबते. ७×७ आणि ७×१९ मऊ असतात, कप्पीवरून फिरवायला चांगल्या, पण रेलिंगमध्ये त्या लांबत राहतात. हातात धरून वाकवून बघा. सहज वेटोळं झालं तर ती चुकीची.

ग्रेडबाबत चुंबकावर विसंबू नका. ३०४ आणि ३१६ दोन्ही चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत, आणि स्वस्तातला २०२ सुद्धा फसवतो. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत तग धरायला तेच कामी येतं. मॉलीची रासायनिक चाचणी दुकानातच दोन मिनिटांत होते. ती करून दाखवायला दुकानदार तयार नसेल तर पुढचं दुकान गाठा. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राला लागून असलेल्या भागात ३०४ वर काही महिन्यांत तपकिरी डाग येतात.

सावधान: खांब ३१६ आणि नट-बोल्ट झिंकवाले, असं करू नका. गंज तिथूनच ओघळतो. ॲल्युमिनियमचे फेरूल (केबलच्या टोकावर दाबायच्या नळ्या) आणि यू-क्लिपही नकोत. ॲल्युमिनियम स्टीलला टेकून खाऱ्या हवेत झिजतं, आणि यू-क्लिप १×१९ च्या तारा चेपते पण धरत नाही.

## ४. वर्कशॉपमधलं काम

सगळी भोकं खांब उभे करण्याआधी, ड्रिल प्रेसवर पाडा. जागेवर हातड्रिलने पाडलेली भोकं एका रेषेत येत नाहीत, आणि दोन-तीन मिमीचा फरकसुद्धा केबल ताणल्यावर डोळ्यात भरतो.

पत्र्याची एक पट्टी घेऊन तिच्यावर १४ खुणा करा आणि प्रत्येक खांबाला तीच पट्टी लावा. टेपने प्रत्येक खांब वेगळा मोजलात की चूक झालीच म्हणून समजा. पट्टी खांबाच्या बुडाला टेकवू नका, वरच्या टोकाला टेकवा. गच्चीच्या फरशीला पाण्याचा उतार असतो. खांबांची खालची लांबी त्याप्रमाणे बदलेल, पण भोकं हँडरेलला समांतरच राहायला हवीत.

कोबाल्ट ड्रिल वापरा, वेग ५०० ते ६०० फेऱ्या, कटिंग ऑइल आणि सतत दाब. स्टेनलेस स्टीलवर ड्रिल नुसतं घासत ठेवलं की ती जागा कडक होते आणि मग ड्रिल पुढे सरकत नाही. मधल्या खांबांना बुशच्या मापाचं भोक, टोकाला टेन्शनरच्या रॉडच्या मापाचं. प्रत्येक भोकाची धार आतून-बाहेरून मारा. राहिलेली कच केबलीच्या तारा करवतीसारखी कापते.

वेल्डिंग आर्गनने, ३१६एल च्या फिलर रॉडने. जोडाचा निळा-काळा रंग नुसता बफ मारून घालवला तर डाग तिथेच आधी येतो. पिकलिंग पेस्ट (वेल्डचा रंग काढणारी ॲसिडची पेस्ट) लावून, धुऊन, मग बफिंग. साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसला लावू देऊ नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पुढे तेच गंजतात.

## ५. खांब बसवणं

जुना कठडा आधी काढून मोकळे होऊ नका. एकेक गाळा काढा, तिथे तात्पुरता अडथळा बांधा. कडेला काम करणाऱ्याचा सेफ्टी बेल्ट आरसीसी कॉलमला बांधलेला हवा, नुकत्याच बसवलेल्या खांबाला नाही. खाली कंपाउंडमध्ये माणूस उभा करा. हातातून पाना सुटतोच.

अँकरच्या खोलीचा नियम: एम१२ (१२ मिमी जाड) रॉडला १४ मिमीचं भोक, ११० मिमी खोल. एम१० ला १२ मिमीचं भोक, ९० मिमी खोल. ही खोली काँक्रीटमधली आहे, टाइल आणि मालाची जाडी यात धरायची नाही. स्लॅब १२५ मिमीचा असेल तर एम१२ नको, भोकाखाली जेमतेम १५ मिमी उरतात आणि खालच्या घराचं छत फुटतं. तिथे एम१० घ्या. टोकाचे खांब शक्यतो बीमवरच आणा. रॉड काँक्रीटच्या कडेपासून ७५ मिमी तरी आत असावा.

क्रम असा:

१. सगळ्यात आधी टोकाचे दोन खांब. मधले नंतर, दोरी लावून.

२. भोक पाडल्यावर दोनदा हवा फुंका, दोनदा तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा दोनदा फुंका. धूळ राहिली तर केमिकल काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं. केमिकल अँकर निसटण्याचं हे पहिलं कारण.

३. नळीतून येणारा पहिला माल फेकून द्या. रंग एकसारखा झाला की मगच वापरा.

४. तळापासून भरत वर या, दोन तृतीयांश भरलं की थांबा, रॉड फिरवत घाला.

५. नळीवर छापलेला वेळ पूर्ण होईपर्यंत रॉडला हात लावू नका. "सेट झालाय का" म्हणून हलवून बघणारा एक जण प्रत्येक साइटवर असतोच.

पावसाळ्यात हे काम काढू नका. ओल्या भोकातली धूळ चिखल होऊन भिंतींना बसते आणि ब्रशने निघत नाही. ऑक्टोबर ते मे हा काळ बरा.

तपासणी: ओळंबा दोन बाजूंनी लावा. टोकाचा खांब बाहेरच्या बाजूला दोन-तीन मिमी झुकलेला चालेल, ताण आल्यावर तो सरळ होतो. आत झुकलेला अजिबात नको.

## ६. हँडरेल

केबल ओवायच्या आधी हँडरेल सर्व खांबांना वेल्ड किंवा बोल्ट झालेला हवा. दोन टोकांच्या खांबांमध्ये तो टेकूसारखा दाबला जातो, त्यामुळे मध्ये जोड असेल तर आत स्लीव्ह (पाइपचा आतला तुकडा) घालून टोकाला टोक भिडवा. जोडात ३ मिमीची फट राहिली तर तेवढा खांब आत येणार आणि सगळ्या केबली सैल पडणार.

## ७. केबल ओवणं आणि कापणं

तुकडे आधी कापून ठेवू नका. स्थिर टोक प्रेस करून एका टोकाच्या खांबात अडकवा, केबल सगळ्या खांबांतून ओवा, हाताने ओढून ताठ करा, टेन्शनरमध्ये किती आत जाणार ते धरून खूण करा आणि मग कापा. प्रत्येक केबल वेगळी मोजायची.

कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा आणि वायर रोप कटर वापरा. साध्या पकडीने टोक चपटं होतं, तारा फुलतात आणि फिटिंगमध्ये शिरत नाहीत. टर्मिनलमध्ये केबल किती खोल जायला हवी त्याची मार्करने खूण करा. अर्धवट आत गेलेली केबल प्रेस केल्यावर बाहेरून ओळखू येत नाही, ताण दिल्यावर सटकते.

टेन्शनरचा नट सुरुवातीला मोजकेच आटे घेऊन ठेवा. आधीच निम्मा चढवला तर नंतर आवळायला जागा उरत नाही, आणि ती केबल परत कापून नवी घालावी लागते. आट्यांवर अँटी-सीझ लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरलं की नट चावतो, मग ना पुढे जातो ना मागे.

## ८. ताण देणं

वरून सुरू करून खाली येत एकेक केबल पूर्ण आवळणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. टोकाचा खांब मध्यावर सर्वांत जास्त लवतो, त्यामुळे नंतर आवळलेली प्रत्येक केबल आधीची थोडी सैल करते.

मधल्या ७ आणि ८ क्रमांकाच्या केबलींपासून सुरू करा. मग ६ आणि ९, ५ आणि १०, असं वर-खाली. पहिल्या फेरीत फक्त झोळ काढायचा. दुसऱ्या फेरीत बऱ्यापैकी ताण, तिसऱ्या फेरीत पूर्ण. साधा पाना वापरा, इम्पॅक्ट मशीन नको. नट फिरवताना केबल चामड्याचा तुकडा घालून पकडीने धरा, नाहीतर केबलच फिरते आणि पीळ उकलतो.

ताण मोजायला मीटर नसेल तर गव्हाच्या पिठाची ५ किलोची पिशवी पुरे. ९०० मिमीच्या गाळ्यात केबलच्या मध्यावर ती टांगा आणि केबल किती खाली आली ते बघा. ११ मिमीच्या आसपास आली तर ताण १०० किलोच्या जवळ आहे. २२ मिमी आली तर निम्माच आहे. ५-६ मिमीच खाली आली तर तुम्ही दुप्पट ताणलंय. केबल तुटणार नाही, पण खांबाचा विचार करा आणि थोडं सैल करा.

तपासणी: प्लायवुडची १०० मिमी व्यासाची गोल चकती कापून प्रत्येक गाळ्यात, सर्वांत खालच्या फटीतही, हाताने दाबून बघा. आणि टोकाच्या खांबाला उभी दोरी लावून पोट आलंय का ते बघा.

## ९. जिन्यावर काय बदलतं

गच्चीची खुणांची पट्टी जिन्यावर चालत नाही. १७५ मिमी उंच आणि २५० मिमी रुंद पायऱ्यांचा जिना ३५ अंशांत चढतो. केबलींमधलं खरं अंतर उताराला काटकोनात मोजायचं असतं, आणि ते उभ्या अंतराच्या ०.८२ पट भरतं. म्हणजे ७३ मिमी हवं असेल तर खांबावर उभ्या खुणा ८९-९० मिमीवर येतात. हँडरेल पायरीच्या नाकापासून १,००० मिमी धरला आणि सर्वांत खालची केबल नाकांच्या रेषेपासून ५० मिमीवर ठेवली, तर १० केबली लागतात.

भोकंही तिरकी. ५० मिमीच्या खांबात केबल एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेपर्यंत ३५ मिमी चढते. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर पाडली तर खांब वाया गेला. टोकांना डोकं फिरणारी फिटिंग घ्या, सरळ टेन्शनर तिरक्या ओढीत आट्याशी वाकतो.

खांब दर तिसऱ्या पायरीवर घ्या, उतारावरचं अंतर ९१५ मिमीच्या आसपास येतं. नियमापेक्षा १५ मिमी जास्त, तेवढं चालेल. पायरीवर ग्रॅनाइट किंवा कडप्पा असेल तर आधी डायमंड बिटने, हॅमर बंद ठेवून दगड पार करा, मग हॅमर सुरू करा. दगड आणि खालचा माल मिळून ५०-६० मिमी जातात, रॉड तेवढा लांब घ्या.

लँडिंगवर केबल वळवून पुढे न्यायचा प्रयत्न करू नका. जिन्याची धाव तिथे संपवा, लँडिंगची नवी सुरू करा. दोन खांब जवळजवळ उभे राहतील, दिसायला थोडं जड. पण एकाच खांबावर दोन दिशांची ओढ आली की तो पिळवटतो.

## १०. पहिला महिना आणि पुढे

दुसऱ्या दिवशी आणि मग महिन्याने पिशवीची चाचणी पुन्हा घ्या. थोडा ताण उतरलेला असतो, तिसऱ्या फेरीसारखं मध्यापासून आवळा. त्यानंतरही सैल पडत असेल तर पाना बाजूला ठेवा आणि ओळंबा घ्या.

घरात टाइलचं काम नंतर होणार असेल तर रेलिंग प्लास्टिकने गुंडाळा. शेवटी फरशी ॲसिडने धुतात, आणि त्याचे शिंतोडे ३१६ लाही खातात. ब्लीच आणि लोखंडी तारेची घासणीही नको.

समुद्राजवळ महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसून घ्या. पावसात भिजणारा भाग आपोआप धुतला जातो. छज्जाखालच्या, पाऊस न लागणाऱ्या भागावर मीठ साचून राहतं, म्हणून डाग तिथे आधी पडतात. फडकं तिथून फिरवायला सुरुवात करा, आणि टेन्शनरच्या नटाखालची फट विसरू नका.